सिरक्याच्या बरणीवरचा बुडबुड्या

मी प्लास्टिकची एक वाकडी नळी आहे. बोटभर लांब, आरपार दिसणारी, मध्ये दोनदा वळलेली आणि प्रत्येक वळणाशी एक फुगीर गोळा असलेली. त्या गोळ्यांत घोटभर पाणी घातलं आणि मला रबरी बुचात खोचून बरणीच्या तोंडावर बसवलं की माझी नोकरी सुरू होते. आत काही आंबत असलं की वायू तयार होतो. तो माझ्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो. बाहेरची हवा मात्र पाण्याशी अडते. आतल्याला वाट द्यायची आणि बाहेरच्याला थोपवायचं, एवढंच माझं काम. इंग्रजीत मला एअरलॉक म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखी शेकडो भावंडं गरम गरम एका पेटीत पडत होती. पुढे पुण्यातल्या एका दुकानात जितेश नावाच्या माणसाने मला विकत घेतलं, ते स्वतःसाठी नव्हे, तर मस्कतला राहणाऱ्या मित्रासाठी. मित्राचं नाव अंबरीश. तो सुट्टीवरून परत निघाला तेव्हा मी त्याच्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यात, भाजणीच्या पिठाशेजारी होतो. मस्कतच्या विमानतळावर बॅग उचलताना त्याने मोज्यात हात घालून मला चाचपलं, तेव्हा त्याचा तळहात ओला होता. रिकामी नळी आणणं हा काही गुन्हा नाही. पण ती कशासाठी आणली हे त्याला माहीत होतं, आणि त्या ओल्या हाताने मलाही ते कळवलं.

अंबरीश मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका कंपनीत इंजिनियर. मोठ्या इमारतींत गार हवा कशी खेळवायची याचे नकाशे तो काढतो. कंपनीने एकदा त्याला कामासाठी युरोपात पाठवलं, तिथे त्याने आंबट बिअर पहिल्यांदा चाखली. कोकमाच्या सारात कुणी जव उकळावा तशी लागते, असं तो बायकोला, तेजश्रीला, सांगायचा. तेव्हापासून ती आपण स्वतः करून बघावी असं त्याच्या डोक्यात बसलं. ओमानमध्ये परवाना काढला की दुकानातून बाटली आणता येते. घरी बनवायला मात्र मनाई आहे.

"नोकरी घालवशील एक दिवस," तेजश्री म्हणाली होती.

"कोण बघायला येतंय?"

"कुणी बघेल म्हणून नाही म्हणत मी. तुलाच ते लपवावं लागतंय ना, म्हणून म्हणते."

त्याने ऐकलं नाही. जवाचं घट्ट सत्त्व पाण्यात उकळून, गार करून त्याने ते काचेच्या मोठ्या बरणीत ओतलं. त्या बरणीचं पोट घागरीएवढं होतं आणि तोंड अरुंद. जितेशने दिलेलं विरजण त्यात घातलं आणि बरणी अगदी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे वर हवेला जागा राहू नये. मग माझ्यात पाणी घालून त्याने मला बुचात बसवलं. मुख्य दाराजवळच्या छोट्या खोलीत, कोपऱ्यात, माझा संसार सुरू झाला.

पहिले काही दिवस मला क्षणाची उसंत नव्हती. बुडबुड्यांमागून बुडबुडे. मग वेग उतरला आणि आतल्या रसावर एक पांढरी, सुरकुतलेली साय धरली. अंबरीश ती साय टॉर्च लावून बघायचा, पण बूच कधी काढायचा नाही. आंबट बिअरला वर्षभर थांबावं लागतं आणि त्या वर्षात तिला हवेपासून जपावं लागतं. हवा लागली की आतल्या दारूचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मस्कतच्या कोरड्या एसीत माझं पाणी भराभर उडायचं, म्हणून तो ऑफिसातून आल्यावर बूटसुद्धा न काढता आधी माझ्याकडे यायचा आणि थेंब थेंब पाणी घालायचा. खोलीचा एसी त्याने एकाच आकड्यावर ठेवला होता. खोली गार-गरम होत राहिली की बरणीतला वायू आक्रसतो आणि बाहेरची हवा माझ्याच पाण्यातून उलटी आत ओढली जाते. तेव्हा मी काही करू शकत नाही. ते सगळं त्याला माहीत होतं. हवेचा तर तो इंजिनियरच.

मला त्याच्या हातांचा लळा लागला होता, हे मान्य करतो. आपल्यावर इतकी काळजी कुणी खर्च करावी असं वाटणारे आपण एकटेच नसतो.

मग भिकाजी आले.

भिकाजी म्हणजे अंबरीशचे वडील. गुहागरकडचं धोपावे हे त्यांचं गाव. उभा जन्म त्यांनी खाडीतल्या लाँचवर तिकिटं फाडली, धोपाव्याहून दाभोळला आणि दाभोळहून धोपाव्याला. अंबरीशची आई गेल्यावर ते एकटे राहत होते. गुडघा दुखायला लागला तेव्हा अंबरीशने हट्टाने त्यांना मस्कतला आणलं. घरात रिकामी खोली एकच, माझी.

"बाबांना खरं काय ते सांग," ते येण्याच्या आदल्या दिवशी तेजश्री म्हणाली. "नाहीतर ती बरणी उचल."

"हलवली तर साय फुटेल. हवा लागेल."

"मग सांग."

"सांगतो."

तो सांगणार नाही हे तिलाही कळलं असावं. तिने एक मोठा टॉवेल आणून बरणीला गुंडाळला. माझं डोकं तेवढं बाहेर राहिलं.

त्याला सांगणं अवघड का होतं, ते सांगायला हवं. अंबरीश लहान असताना दाभोळच्या धक्क्यावरून एक माणूस नशेत खाडीत पडला होता. भिकाजींनी लाँचवरून उडी मारली. त्यांच्या हाती त्या माणसाच्या शर्टाची बाही लागली, माणूस लागला नाही. त्या दिवसापासून त्यांनी माडीला तोंड लावलं नाही आणि पिणाऱ्याच्या पंगतीला ते बसले नाहीत. त्यांनी मुलाला कधी उपदेश केला नाही. मुलगा पीत नाही असं त्यांनी धरूनच चाललं होतं.

पहिल्याच संध्याकाळी खाटेवर बसता बसता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हे काय रे?"

अंबरीश त्यांची बॅग उघडत होता. त्याने मान वर केली नाही. "सिरका आहे, बाबा. जवाचा. घरीच करतो मी."

त्याच वेळी माझ्यातून एक बुडबुडा फुटला. भिकाजी वाकून बघायला लागले.

"आणि ही नळी?"

"आतला वायू बाहेर जायला. बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून."

"म्हणजे बुडबुड्या," ते म्हणाले आणि हसले.

माझं बारसं असं झालं. अंबरीशचे कान लाल झाले होते. बॅगेतली कोकमं, पोह्यांचे पापड, कुळथाचं पीठ तो एकेक करून बाहेर काढत राहिला. एवढी उस्तवार त्याने याआधी कधी केली नव्हती.

भिकाजींना त्या सिरक्याचं भारी कौतुक. गावाकडे फोन लावला की सांगायचे, "अंबरीशने स्वतःच्या हाताने सिरका घातलाय. इंजिनियर झाला तरी हात आईचाच आलाय त्याला." बोळातून जाणाऱ्या अंबरीशची पावलं मला ऐकू यायची. ती दाराशी थांबायची आणि मग अगदी हळू पुढे जायची. आत येऊन 'बाबा, तसं नाही' म्हणायला फक्त उंबरा ओलांडायचा होता. तो उंबरा त्याच्याने ओलांडवत नव्हता.

माणसांच्या सवयी फार मायाळू असतात आणि त्यातूनच मोठमोठे घोळ होतात. भिकाजी खोलीतून बाहेर पडताना एसी बंद करायचे. फुकट वीज कशाला जाळायची? दुपारी परत आले की पुन्हा लावायचे. दिवसातून कितीदा खोली तापायची, कितीदा निवायची, आणि दर वेळी माझ्या पाण्यातून हवा उलटी आत शिरायची. ते मला जुन्या बनियनने पुसायचे, पुसताना बुचासकट उपटून काढायचे आणि बरणीला नाक लावायचे. "आंबोळीच्या पिठासारखा वास सुटलाय," असं स्वतःशी म्हणायचे. त्यांनी बूच पुन्हा बसवेपर्यंत बरणीचं तोंड उघडंच असायचं. मी त्यांच्या हातात असायचो, बाजूला, निकामी.

समोरच्या फ्लॅटमध्ये नसीबा राहायची. तिचा नवरा तौहीद एका गोदामात सुपरवायझर, आणि घरात तौहीदची आई. एकदा लिफ्टपाशी नसीबा तौहीदशी फोनवर बोलत होती ते भिकाजींच्या कानावर पडलं. खोलीचं दार मुख्य दारासमोरच असल्याने मलाही सारं ऐकू आलं.

"बाय, तू दाभोळची काय गो?"

"होय. तुमाला कसं कललं?"

"बोलण्यावरून. मी पलीकडचा, धोपाव्याचा. लाँचवर तिकिटं द्यायचो."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागली. मग म्हणाली, "मी लहान असताना आमच्या अब्बांबरोबर यायची लाँचवर. खाकी शर्ट घालून एक माणूस असायचा, पोरांना तिकीट न्हाय लावायचा."

"तोच मी."

त्या दिवसापासून नसीबाच्या घरून तांदळाची भाकरी यायला लागली, कधी तिसऱ्यांचं सुकं, कधी सोलकढी. ती त्यांना चाचा म्हणायची. मस्कतला आल्यापासून भिकाजी पहिल्यांदा मोकळेपणी बोलताना दिसले. तिचं देणं मात्र त्यांना रिकाम्या हाताने घ्यायला बरं वाटेना.

एका सकाळी अंबरीश आणि तेजश्री कामावर गेल्यावर त्यांनी मला उपटून खाटेवर ठेवलं. अंबरीशने बरणीमागे ठेवलेली रबरी नळी उचलली, एक टोक बरणीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. रॉकेल काढायची जुनी सवय. रस तोंडात आला तसा त्यांनी तो बेसिनमध्ये थुंकला. तोंड वाकडं केलं, जीभ टाळ्याला लावून बघितली आणि म्हणाले, "आंबट आहे. जरा कडूही आहे. जवाचा असाच असेल." मग त्यांनी जॅमची रिकामी बाटली भरली, फडक्याने पुसली आणि समोर नेऊन दिली.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त बुडबुडे येतात, आणि तेही बरणीवर बसलो असलो तरच.

असं अधूनमधून होत राहिलं. बाटली निघाली की बरणीत तेवढी जागा रिकामी व्हायची आणि ती हवा भरून काढायची. साय फाटली, पुन्हा धरली, या वेळी जाड आणि करडी. अंबरीश वडील खोलीत असताना टॉवेल उघडून बघत नसे. कुठल्या तोंडाने बघणार? माझ्यात पाणी घालायचा आणि नजर चुकवून निघून जायचा. ज्याला लपवायचं असतं त्याला नीट सांभाळताही येत नाही.

एका शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना नसीबा एक बरणी घेऊन आली. तिच्यात कांदा आणि हिरव्या मिरच्या मुरत घातल्या होत्या.

"घ्या चाचा, तुमच्या सिरक्यातलं. आमच्याकडं सगल्यांना आवडलं. सुरमयलापन तोच लावते मी आता."

"आमच्या अंबरीशच्या हातचा आहे," भिकाजी म्हणाले.

ती गेली. अंबरीशच्या ताटाचा आवाज थांबला होता. तो उठून खोलीत आला, दार लोटलं आणि टॉवेल उचलला. बरणी निम्म्याहून खाली गेली होती. काचेला करड्या सायीची वर्तुळं चिकटली होती. त्याने बूच काढून वास घेतला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "गेली. सगळी गेली."

तेजश्री मागे येऊन उभी होती.

"तुला बिअरचं पडलंय?" तिने विचारलं, अगदी हळू.

तेव्हा तो खाटेवर बसला. आपल्या मनात आधी काय आलं हे आपल्या बायकोने पाहिलं, या गोष्टीने त्याची मान जी खाली गेली ती कितीतरी वेळ वर आली नाही. समोरच्या घरात नमाज पढणारी माणसं होती. ती माणसं त्याच्या वडिलांच्या हातून, त्याच्या खोट्यामुळे, दारू खात होती.

"आत्ता जा," तेजश्री म्हणाली.

तो गेला. पण कसा गेला ते सांगायलाही मला संकोच वाटतो. आधी खाली दुकानात जाऊन सिरक्याची बाटली विकत आणली. मग समोरची घंटा वाजवली.

"भाभी, बाबांनी दिलेला सिरका खराब निघालाय. बुरशी लागलीय. तुमच्याकडे असेल तो टाकून द्या. त्याऐवजी हा घ्या."

"खराब? आमाला तर बरा लागला."

"नाही, टाकूनच द्या. लोणचंही टाका. पोटाला त्रास होईल."

नसीबाने बाटली घेतली. आपण सुटलो अशा चेहऱ्याने तो परत आला. दारात भिकाजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बुरशी लागली?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. थोडी."

"मी उघडत होतो म्हणून?"

अंबरीशला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "असू दे बाबा. होतं असं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी स्वतः समोरच्या दाराशी गेले. अंबरीश बाहेरच्या खोलीत ऑफिसची बॅग भरत होता. दोन्ही दारं उघडी होती.

"बाय, माझाच हात लागला गो. बरणी उघडायला नको होती. म्हातारा माणूस, हात नीट धुतले नसतील. घरात कुणाला त्रास तर नाही ना झाला?"

"न्हाय चाचा. काय एवढं? चालायचंच."

"तुझ्या सासूबाईंना सांग, मला वाईट वाटलं."

ते परत आले आणि मुलाच्या अंगावरून सरळ खोलीत गेले. त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कशालाच हात लावला नाही. आधी ते भाजी निवडायचे, चहा ठेवायचे. आता पाण्याचा पेलासुद्धा तेजश्रीने दिला तर घ्यायचे. जेवायच्या आधी बेसिनपाशी इतका वेळ हात चोळत राहायचे की तेजश्रीला नळ बंद करावा लागायचा. समोरून भाकरी आली तर म्हणायचे, "माझ्या हातात नको, टेबलावर ठेव." अन्न नासवणारे हात अशी आपल्या हातांची त्यांनी खूणगाठच बांधली होती.

अंबरीश हे बघत होता. खोटं त्याने बोलावं आणि त्याची लाज वडिलांनी अंगावर घ्यावी! तो रात्रीचं जेवण अर्धवट टाकून उठायचा.

शेवटी एका संध्याकाळी तो खोलीत आला. भिकाजी खाटेवर बसून बोटांची नखं कापत होते, आधीच कापलेली. अंबरीशने मला बुचातून काढलं. पाणी बदलायचं निमित्त करून आला असावा. मग नवं पाणी घालायचं सोडून त्याने मला झटकून शर्टाच्या खिशात टाकलं.

"बाबा, तुमच्या हाताने काही खराब झालं नाही."

"असू दे रे."

"नाही, ऐका. तो सिरका नव्हताच कधी. बिअर होती. दारू. मी करत होतो. तुम्ही आलात त्या दिवशी मी खोटं सांगितलं."

भिकाजींच्या हातातला नेलकटर तसाच राहिला. ते बरणीकडे बघत होते.

"मी नळीने ओढलं ते," ते म्हणाले.

"हो."

"तोंडाने."

"हो बाबा."

ते उठले. न्हाणीघराचं दार लागलं आणि आतून चूळ भरल्याचा आवाज येत राहिला. एकदा, दोनदा, मग मोजायचं कशाला? त्या घोटाला महिने लोटले होते. अंबरीश तसाच उभा होता. प्रत्येक चूळ त्याला आपल्या तोंडावर आल्यासारखी वाटत असणार.

भिकाजी टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले.

"चप्पल घाल."

"कुठे?"

"समोर. सांगायचं तू. मी नुसता उभा राहणार."

नसीबाने दार उघडलं तेव्हा मी खिशातच होतो. आतून मसाला भाजल्याचा वास येत होता. अंबरीशने सांगितलं, थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. बरणीत काय होतं, वडिलांना काय ठाऊक नव्हतं, आणि बुरशीचं म्हणून जे सांगितलं तेही खोटंच होतं. ती दार धरून ऐकत होती. तिची नजर हलेना तसा तो गडबडला असावा.

"म्हणजे आता तिचा सिरकाच झालाय, भाभी," तो घाईने म्हणाला. "हवा लागली की होतो. आता त्यात दारू अशी..."

"पयल्या बाटलीत पन सिरकाच होता?" नसीबाने विचारलं.

एवढा शिकलेला माणूस, पण या प्रश्नाला त्याच्याकडे खरं उत्तर एकच होतं.

"माहीत नाही."

"माझ्या सासूच्या ताटात वाढलंय मी ते. जुम्म्याला."

नसीबाचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. तिने त्याच्याकडे न बघता भिकाजींना म्हटलं, "चाचा, तुमची काय चूक? तुमी आत या. बसा."

भिकाजी जागचे हलले नाहीत. "नको बाय. आज नको. याच्याबरोबर आलोय, याच्याबरोबरच जातो."

"खलास," ती म्हणाली. इथे सगळेच म्हणतात तसं. त्याचा अर्थ झालं ते झालं असाही होतो आणि संपलं असाही. तिने कुठला धरला ते कळलं नाही. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी बाप-लेकांनी मिळून बरणी न्हाणीघरात नेली. ओतताना असा वास सुटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेजश्रीने खिडक्या उघडल्या आणि बाहेरची भट्टीसारखी हवा घरात आली.

"हा तर सिरकाच की रे," भिकाजी म्हणाले.

"हो," अंबरीश म्हणाला.

दोघांपैकी कुणाला हसू आलं नाही. भिकाजींनी बाह्या सरसावून ती बरणी आतून-बाहेरून स्वतःच्या हातांनी घासली. अंबरीश पाणी घालत होता.

पुढचे काही आठवडे अंबरीशने भीतीत काढले. तौहीद कुणाला सांगेल, कंपनीत कळेल, पोलीस येतील. तौहीद लिफ्टमध्ये भेटला की मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायचा. कुणी आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ते लोक गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याच्या आडोशाला आपण जगतोय हे कळल्यावर अंबरीशला आधीपेक्षाही खाली बघावंसं वाटायला लागलं. समोरून भाकरी येणं बंद झालं. जिन्यात भेटली की नसीबा भिकाजींशी चार शब्द बोलायची, पाऊस कुठवर आला, खाडीला नवी बोट लागली का. अंबरीश दिसला की ओढणी सावरून आत जायची.

मला तेजश्रीने धुऊन दाराजवळच्या वाडग्यात टाकलं. तिथे किल्ल्या असतात, सुटी नाणी असतात, एक न चालणारा रिमोट आहे. पाण्याशिवाय मी म्हणजे नुसती नळी. पण तिथून दाराबाहेरचं सगळं दिसतं. म्हणून भिकाजी गावी परत निघाले ती सकाळ मी पाहिली.

बॅगा बाहेर काढल्या होत्या. भिकाजींनी समोरची घंटा वाजवली, निरोप घ्यायला. नसीबा बाहेर आली ती हातात एक जड पुडकं घेऊन.

"चाचा, दाभोळला माझी बहीन हाय. खजूर हायत आनि पोरांची कापडं. लाँचवरून उतरलात की तिचा मुलगा येईल घ्यायला. नेशाल ना?"

"नेतो की. न नेऊन सांगतो कुणाला?"

पुडकं भारी होतं आणि भिकाजींचा गुडघा दुखत होता. अंबरीशने पुढे होऊन दोन्ही हात केले. नसीबाने ते हात पाहिले. तिने पुडकं त्याच्याकडे दिलं नाही. ती तशीच उभी राहिली, पुडकं छातीशी धरून, भिकाजींनी काठी दाराला टेकवून दोन्ही हात मोकळे करेपर्यंत. अंबरीशचे पुढे केलेले हात हवेत राहिले आणि मग हळूहळू खाली गेले.

भिकाजींनी पुडकं घेतलं. क्षणभर त्यांनी ते तोललं. मग सगळ्यांदेखत, नसीबाच्या डोळ्यांसमोर, ते मुलाकडे वळले.

"धर," ते म्हणाले. "लिफ्टपर्यंत. सांभाळून."

अंबरीशने ते दोन्ही हातांनी धरलं. मान वर न करता तो लिफ्टकडे चालू लागला. नसीबा दार न लावता बघत राहिली.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मी अजून वाडग्यातच आहे. अंबरीश किल्ली उचलताना कधी बोट लागलं तर मला बाजूला सारतो, फेकत मात्र नाही. हवा थोपवायला मी कमी पडलो असं मला अजूनही वाटतं, आणि मी जे राखत होतो ते राखायचं नव्हतंच असंही वाटतं. दोन्ही मिळून जे वाटतं ते सुखाचं नाही. तुमच्यापैकी कुणाला मी हवा असेन, लोणच्याला, कांजीला, अगदी खऱ्याखुऱ्या सिरक्याला, तर खुशाल घेऊन जा. माझं प्लास्टिक अजून शाबूत आहे. फक्त एवढं करा. ज्या बरणीवर मला बसवाल, तिच्यात काय आहे ते आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगा. मग माझ्यात पाणी घाला.